पुढच्या गावाला द्या

वैशाख लागला की आमच्या मिशनच्या आवारातल्या विहिरीचे पाणी गुलाबी होते. दवाखान्याचा माणूस बाटलीतले जांभळे खडे पोहऱ्यात टाकतो, पोहरा आत सोडतो आणि दोर धरून खालीवर हलवत राहतो. लहान मुले काठावर ओणवी होऊन पाण्याचा रंग बदलताना बघतात आणि टाळ्या पिटतात. मी तिथून निघून जाते. ते पाणी प्यायले की जिभेवर लोखंडाची चव राहते, आणि त्या चवीच्या मागोमाग दुधना नदीकाठचा एक जुना वैशाख घशाशी येतो.

यंदा तो जरा आधीच आला. मी जालन्यातल्या मस्तगडला मीठ-मिरची आणायला गेले होते. दुकानापुढे परतूरकडचा एक गाडीवान पोती उतरवून घाम पुसत बसला होता. दुकानदाराने तागडीवरून मान वर न करता विचारले, "काय म्हणतंय तुमच्याकडं?"

"काय म्हननार? पाव्हनी आलीय."

"कुठवर?"

"दुधनेच्या वरल्या अंगाला. लोक शिवा बांधून घिऊन राह्यले. येत्या मंगळवारी गाडा काढनार म्हनत्यात."

दुकानदाराने तागडी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मी काही न घेताच घरी आले.

पटकीचे नाव आमच्याकडे कोणी मोठ्याने घेत नाही. घेतले तर ती ऐकते, असे मानतात. म्हणून ती कधी बाई असते, कधी आई, कधी पाहुणी. आणि गाडा म्हणजे काय, हे ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगायला हवे. हातभर उंचीचा, लाकडी चाकांचा तो एक लहानसा गाडा असतो. त्यात मरीआईचा शेंदूर फासलेला मुखवटा बसवतात. भोवती हिरव्या बांगड्या, खण, लिंबे, दहीभात, कडुलिंबाचा पाला आणि पाय बांधलेली एक कोंबडी ठेवतात. गावात जे भय साचलेले असते ते सगळे त्यात येऊन पडते. मग हलगी लावून तो शिवेवर न्यायचा, शिवेपलीकडे, पुढच्या गावाच्या हद्दीत सोडायचा आणि परत फिरायचे. पुढचे गाव त्याला हात जोडते, आपले भय त्यात घालते आणि आणखी पुढच्या गावाला देते. असा तो नदीच्या काठाकाठाने खाली जात राहतो. शेवटी कुठे थांबतो, हे मी पुष्कळांना विचारले. कोणालाच ठाऊक नाही.

मी पत्रकांवर वाढले. हे अक्षरशः खरे आहे. बाबा मिशनचे प्रचारक. त्यांच्या दौऱ्यासाठी छापून आलेले गठ्ठे आमच्या घरात भिंतीला लावून रचलेले असत, आणि थंडीत आई त्यांच्यावर गोधडी टाकून मला निजवी. शाईचा आणि खळीचा तो वास मला आजही घरचा वाटतो. अक्षरे मी पाटीवर शिकले नाही. पत्रकाच्या तांबड्या वेष्टणावरच्या ठळक अक्षरांवर बोट फिरवून शिकले. प्रत्येक पत्रकाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक ठशात एक ओळ असे: वाचून झाल्यावर पुढच्या गावाला द्या. ती ओळ मला प्रार्थनेच्या आधी पाठ झाली. कागदाला पाय असतात असेच मला वाटे. आपण एक पत्रक परतूरला दिले की ते चालत चालत, हातातून हातात, थेट समुद्रापर्यंत जाणार. पुढे मी स्वतःच एक पत्रक लिहिले, तंबाखूच्या विरोधात. बाबांनी ते उभ्यानेच वाचले, "भाषा झणझणीत आहे," म्हणाले आणि खिशातून डबी काढून तपकीर ओढली. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

हसू येते आता. पण त्या वेळी जे मानत होते त्यातले पुष्कळ मी आजही मानते. आम्हा ख्रिस्ती लोकांवर एक आज्ञा आहे: जा, सांगा, शिष्य करा. ही आज्ञा कोणाच्या सोयीची नाही. सुशिक्षित मंडळी मला सांगतात, ज्याने त्याने आपला देव आपल्या घरात ठेवावा. त्यांना बोलायला काय जाते? त्यांच्या घरात देव्हारा आहे आणि देवळाची पायरीही त्यांचीच आहे. गावकुसाबाहेर ज्याला त्या पायरीला सावलीसुद्धा लावू दिली नाही, त्याला 'देव तुला लेकरू म्हणतो' हे सांगायला मी कोणाची परवानगी मागू? जे ऐकून माझ्या आजोबांची मान ताठ झाली, ते दाबून ठेवले तर मी चोर ठरेन. सांगितलेच पाहिजे. माझे भांडण सांगण्याशी नाही. सांगून निघून जाणाऱ्याशी आहे.

ते गाव परतूरपासून बैलगाडीच्या वाटेवर, दुधनेच्या काठी आहे. नाव लिहीत नाही. तिथे माणसे राहतात आणि माझ्या लिहिण्याने त्यांना खाली बघायला लागू नये. बाबा हिवाळ्यातून एकदोनदा तिथे जात. नदीकडच्या वस्तीत एका बाभळीखाली बसून बोलत. लोक ऐकत, माना हलवत, बिडी पेटवत आणि उठून जात. भिवा मात्र उठत नसे. उंच, हाडापेराने मोठा, बोलताना एक डोळा बारीक करणारा माणूस. गावची तराळकी, म्हणजे शिवेची राखण आणि सांगावे पोचवण्याचे काम, त्याच्या घरात होती, आणि गाडा शिवेपार ओढून नेण्याचा मानही. मान म्हणत खरा, पण तो नाकारायची सोय नव्हती.

त्याने बाबांना पहिला प्रश्न विचारला तेव्हा मी तिथेच होते. शाळा संपवून त्या वर्षी मी बाबांबरोबर फिरू लागले होते, वस्तीतल्या बायकांना अक्षरे शिकवायला. भिवा म्हणाला, "मास्तर, तुमचा देव गाडा वढाया लावतो का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

"मंग सांगा म्होरं."

त्याची बायको सारजा मागे भांडी घाशीत होती. ती तिथूनच म्हणाली, "देव बदलून भाकर मोटी हुती का ते बी इचारा. हुत असंल तर मी बी येते."

सगळे हसले. भिवाही हसला. मग हळूच, बाबांकडे न बघता, राख चिमटीत चुरगळत त्याने सांगितले. त्याची एकुलती लेक काशी शिवेपलीकडच्या गावात दिलेली होती. "दोन डाव बाई आल्ती. दोन्ही डाव म्याच वढीत गेल्तो. हलगी वाजती, मानसं वरडत्यात, आन् माज्या म्होरं काशीच्या घराचा धूर दिसतो. तिच्या उंबऱ्याकडं तोंड करून मी बाईला सोडून येतो. असला बाप हाय मी." त्याला पापांची क्षमा हवी होती की नाही, हे मला तेव्हा कळले नाही. त्या दोरीतून त्याला सुटायचे होते, एवढे मात्र कळले. मला विचाराल तर हीच क्षमेची सुरुवात आहे.

फाल्गुनात त्याचा बाप्तिस्मा झाला. दुधनेचे पाणी आटत आले होते, एकाच डोहात कमरेइतके उरले होते. काठावर वस्तीतली माणसे बसली होती, आणि जरा वर, पळसाखाली, गावचे पाटील छत्री टेकून उभे होते. भिवा पाण्यातून वर आला. केसांतून धारा लागल्या होत्या. पाटील शांतपणे म्हणाले, "भिवा, देव तुजा तू बघ. मला त्याचं काई न्हाई. पर गाडा कोन वढनार?"

भिवाने तोंडावरचे पाणी निपटले. "पाटील, बाई येईल तवा बघू. तिला कुनी सांगावा धाडलाय?"

काठावर हशा पिकला. बाबा हसले, मी हसले. पाटील हसले नाहीत. त्यांनी छत्री मिटली, डोहाकडे एकदा पाहिले आणि निघून गेले. पळसाची फुले पाण्यावर पडली होती. त्या दिवसाची आठवण काढली की मला आधी तो हशा ऐकू येतो.

वैशाखात आम्ही पुन्हा तिथे होतो. नदी वाळूत गेली होती. लोक वाळूत झिरे उकरून पाणी काढत. गावाचे झिरे वरच्या अंगाला, वस्तीचे खाली. दुपारी वारा असा येई की दाराच्या कड्या हाताला पोळत. लिंबाचा मोहोर गळून अंगणात त्याचा कडू भुगा झाला होता. आधी वेशीजवळच्या घरातली एक सून गेली. सकाळी तिने धुणे धुतले होते, आणि दिवस कलायच्या आत तिचे लुगडे दांडीवर वाळत असतानाच तिला नेले. मग तिचा दीर. मग एकदम तीन घरांत. पहाटेची जाती थांबली. कुत्री भुंकेनाशी झाली आणि घरांच्या कडेकडेने चालू लागली. बायका अक्षरे शिकायला येत, पण पाटीकडे कोणी बघत नसे. नदीकडून कोण येते आहे तिकडे सगळ्यांचे कान. एकीने मला विचारले, "बाई, तुमच्या बुकात हिचं नाव हाय का?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मंग हिला कसं कळंल जा म्हनून?"

शनिवारी परतूरच्या स्टेशनावरून छकडा आला. गाडीवानाने जालन्याच्या पाळकबुवांचा सांगावा तोंडी आणला होता: जल्दी निघा, साथीत माणूस गमावून काम चालत नाही, जिवंत प्रचारक पुढच्या वर्षीही उपयोगाचा असतो.

बाबांनी बांधाबांध सुरू केली. भिवा दाराशी येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"मास्तर, मंगळवारी गाडा हाय. पाटलानं मला सांगितलंय. मी न्हाई म्हनलोय."

"चांगलं केलंस," बाबा म्हणाले. "देव तुला बळ देईल."

"देईल. पर मंगळवारपस्तोर तुमी ऱ्हा. बोलू नका, भांडू नका. निस्तं माज्याजवळ हुबं ऱ्हा. एकला मानूस बघून समदे अंगावर येत्यात."

"आज्ञा आली आहे, भिवा."

"कोणाची आज्ञा, बाबा?" मी मध्ये पडले. "पाळकबुवांची की प्रभूची? आपण याला पाण्यात घातलं, आता पाण्याबाहेर एकटा सोडायचा?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती, आणि ती माझ्यासाठी होती. "मार्था, तुझ्या आईला काय सांगू मी?" एवढेच ते म्हणाले. मी आणखी बोलले, पुष्कळ बोलले. ते गाठी मारत राहिले. माझ्या हट्टापायी रविवार आणि सोमवार त्यांनी कसेबसे काढले, आणि मंगळवारी उजाडताच उरलेल्या पत्रकांचा सगळा गठ्ठा उचलून भिवाच्या हातांत दिला.

"मी जातोय, पण वचन इथे ठेवून जातोय," ते म्हणाले. "कोणाकडून तरी वाचून घे. गावात वाट. आणि मग पुढच्या गावाला दे."

भिवाला वाचता येत नव्हते. त्याने तो तांबडा गठ्ठा दोन्ही हातांवर घेतला, एखादे आजारी कोकरू धरावे तसा. पाटलाचा कोतवाल पलीकडे उभा राहून हे सगळे ऐकत होता. आम्ही छकड्यात बसलो तेव्हा भिवा तसाच उभा होता.

आम्हाला खालच्या गावातून परतूरच्या स्टेशनाकडे जायचे होते. म्हणजे काशीच्या गावातून. त्या गावाच्या शिवेवर माणसे काठ्या घेऊन बसली होती. "मास्तर, तिकडून आलाव ना? मंग तिकडंच जावा," एक जण म्हणाला. गाडीवान मागे फिरायला तयार होईना. बाबा विनवण्या करून थकले. शेवटी दोन्ही गावांच्या मधल्या पडीक रानात, एका खुरट्या बोरीच्या सावलीला आम्ही छकडा सोडला. बैल धापा टाकत होते. मातीच्या गाडग्यातले पाणी तापून कोमट झाले होते. ना मागे वाट, ना पुढे. बाबा डोळे मिटून बसले होते. मी वाळलेल्या गवतावरून पळणारे झळांचे पाणी बघत होते.

दुपार कलल्यावर मागून हलगी ऐकू आली. आधी वाटले, कानात रक्त ठणकते आहे. मग बैलांनी कान टवकारले. आवाज वाढत गेला, त्यात माणसांचे ओरडणे मिसळले, आणि धुळीतून आधी हिरवा पाला, मग शेंदूर दिसला. गाडा येत होता. पुढे, दोरी छातीला लावून, वाकलेला माणूस भिवा होता. त्याच्या पाठीवर वळ होते. मागे सगळे गाव होते, पाटीलही. सारजा कुठे दिसली नाही.

गाड्यात मुखवट्याच्या मागे काहीतरी तांबडे बांधले होते. मी ते ओळखले आणि ओळखायचे नाकारले. आमची पत्रके होती. सुतळीने आवळलेला सगळा गठ्ठा, वर शेंदराचा हात फिरवलेला, त्यावर लिंबू.

बाबा उठून वाटेत गेले. त्यांना बघून कोतवाल पुढे आला आणि नमस्कार करून म्हणाला, "मास्तर, तुमीच म्हनलाव ना, पुढच्या गावाला द्या म्हनून? दिऊन राह्यलो. एक बी मागं ठिवलं न्हाई."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो आम्हाला हिशोब देत होता, आणि तेच भयंकर होते. त्या गावाला पुढच्या गावाला द्यायची एकच गोष्ट ठाऊक होती. मरीच्या दिवसांत आलेली माणसे घाईने निघून जातात, जाताना एक गठ्ठा मागे ठेवतात आणि तो पुढे धाडा म्हणून बजावतात: याचा अर्थ त्यांनी जो लावला तो लावायला शहाणपण लागत नव्हते. आम्ही हयातभर कागदांवर ती ओळ छापली. गाड्याला ती ओळ आमच्या आधीपासून येत होती, हे आम्हाला कधी दिसलेच नाही.

बाबा म्हणाले, "भिवा, ओढू नको."

भिवा थांबला. हलगी थांबली. त्याने मान वर केली. ओठ सुजला होता. "मंग तुमी ऱ्हाता का?" त्याने विचारले.

बाबांनी माझ्याकडे पाहिले. गाडीवानाकडे पाहिले. मग भिवाच्या पायांकडे. वारा पाल्यातून सळसळत गेला. भिवाने वाट पाहिली. गावानेही पाहिली, त्या माणसांना उत्तर खरोखर ऐकायचे होते असे मला आजही वाटते. बाबा वाटेतून दोन पावले बाजूला सरले. तेव्हा भिवाने दोरी पुन्हा छातीला लावली आणि तो वाकला.

समोरच्या शिवेवरची माणसे काठ्या टाकून बाजूला सरली. गाड्याला अडवायची कोणाची छाती नसते. त्यांनी मोकळी केलेली वाट पाहून आमच्या गाडीवानाने घाईने बैल जुंपले आणि गाड्याच्या मागोमाग छकडा आत घातला. असे आम्ही सुटलो. पटकीने उघडलेल्या वाटेने. छकड्यातून मी मागे बघत होते. गाडा आणणारे हलगीवाले आणि ओरडून घसा सुकलेली माणसे खालच्या गावाच्या शिवेवरच्या झिऱ्याभोवती बसून हातपाय धूत होती, ओंजळीने पाणी पीत होती.

दवाखान्यातल्या बाईंनी मला नंतर शिकवले की पटकी पाण्यातून जाते. तेव्हापासून तो झिरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. खालच्या गावात दोनच दिवसांत सुरुवात झाली. काशी वाचली, तिचे तान्हे गेले. त्यानंतर ती माहेरी आली नाही.

पावसाळ्यात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांची सभा झाली. मूर्तीचा गाडा ओढला म्हणून भिवाचे नाव मंडळीतून काढले. सर्वानुमते. त्याच्या पाठीवरचे वळ कोणी विचारले नाहीत. त्या दिवशी तिथे दुसरे कोण असायला हवे होते, हेही कोणी विचारले नाही. बाबा शेवटच्या बाकावर बसले होते. सभा संपल्यावर सगळे उठले तरी ते बसून होते.

पत्रकांचे पुढे काय झाले, हे मला बऱ्याच काळाने कळले. नदीच्या खालच्या अंगाला, आमचे कोणी कधी गेले नव्हते अशा एका खेड्यात, मी एका दारापुढे उभी राहून पिशवीतून पुस्तिका काढली. तांबडे वेष्टण दिसताच आतल्या बाईने मूल ओढून पाठीशी घातले. "गाड्यातली बुकं!" ती ओरडली. "हितं नगं, बाई! म्होरं न्या, पुढच्या गावाला न्या!" तिने दार लावून घेतले. शेजारची दारे लागत गेली, एकामागून एक, गल्लीच्या टोकापर्यंत. आमचे वचन आमच्या आधी तिथे पोचले होते. हातातून हातात, लहानपणी मला वाटायचे अगदी तसेच.

तेव्हापासून मी त्या आज्ञेकडे पुन्हा पुन्हा जाते. प्रभूने जा म्हटले हे खरे. पण त्याने स्वतः एक ओळही छापली नाही. त्याने माणसे बरोबर घेतली, त्यांच्यासोबत भाकर खाल्ली, त्यांच्या तक्रारी ऐकल्या, त्यांचे पाय धुतले. शिष्य हा शब्द तिथून येतो: जो बरोबर चालतो तो. आणि जा म्हणताना त्याच दमात त्याने मी तुमच्याबरोबर राहीन असे सांगितले. आम्ही अर्धे वाक्य उचलले. जाणे आम्हाला जमते. त्यासाठी छकडे आहेत, स्टेशने आहेत. ज्याला आपण त्याच्या गावापासून वेगळा केला, त्याच्याशेजारी गाव अंगावर आल्यावर उभे राहणे, हे कोणत्या दौऱ्यात बसवायचे? नसेल बसत तर कोणाला पाण्यात घालू नका. मी हे आमच्याच लोकांना लिहिते आहे, म्हणून इतके कडू लिहिते.

यंदाच्या सभेतही तेच झाले. पाळकबुवा म्हणाले, साथ आहे, दौरे बंद. एका पंचांनी सुचवले की पत्रके गाडीवानांबरोबर पाठवू. छापील वचनाला पटकी होत नाही. लोक हसले. मी उभी राहिले. "नाही होत," मी म्हणाले, "पण ते कोणाला पाणीही पाजत नाही." मला बसायला सांगितले. मी बसले नाही, बाहेर पडले.

घरी बाबा ओसरीवर होते. त्यांच्या गुडघ्यांना आता चालणे सोसत नाही. दुधनेकाठी जायचे म्हणून मी मीठ बांधत होते, दवाखान्यातून आणलेली जांभळ्या खड्यांची बाटली चिंध्यांत गुंडाळत होते.

"तू शिकवतेस त्या शाळेला सुट्टी आहे म्हणून चाललीस?"

"नसती तरी गेले असते."

"भिवा तुला आत घेईल असं वाटतं?"

"नाही वाटत."

"मग?"

"मग शिवेवर बसेन."

त्यांनी मान हलवली. तपकिरीची डबी काढली, उघडली नाही. "माझ्याविषयी त्याला काही सांगू नकोस," ते म्हणाले. "सफाई नको देऊस."

सोमवारी, उन्हे तिरपी झाल्यावर, खालच्या गावाला वळसा घालून मी त्या शिवेवर पोचले. वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. पलीकडे काठी घेऊन भिवा बसला होता. तराळाचेच ते काम. केस पांढरे झालेले, पण तोच एक डोळा बारीक करून त्याने विचारले, "कोन?"

"मार्था. मास्तरांची."

तो उठला नाही. "बोचक्यात काय?"

"मीठ. पान्यात टाकायची दवा. एक लुगडं."

"बुकं?"

"न्हाईत."

"मास्तर?"

"हायेत. चालवत न्हाई त्यान्ला."

त्याने काठीने मातीत एक रेघ ओढली, पायाने पुसली. "उंद्या गाडा हाय. मीच वढतो. दर डावाला मीच. ते बघाया आली का?"

"मामा, तुमी वढला तर मी दोरीला हात लावनार न्हाई. न्हाई म्हनलाव तर तुमच्या बाजूला हुबी ऱ्हाईन. दोन्ही डाव हितंच हाये. आन् आजपासून झिऱ्याचं पानी उकळल्याबिगर कुनाला पिऊ देनार न्हाई."

"तुजं कोन ऐकतंय?"

"तुमी ऐका. मंग बघू."

तो कोरडे हसला. "परत कवा जानार?"

"बाई गेल्यावर."

"आन् न्हाई गेली तर?"

मी बोचके या हातातून त्या हातात घेतले. भिवाने माझ्याकडे पाहिले. बाबांच्या उत्तराची वाट त्याने जितका वेळ पाहिली होती, तितकाच वेळ माझ्याकडे पाहत राहिला असेल.

"सारजा पडलीय सकाळपासून," तो एकदम म्हणाला. मग आवाज सावरून, "ऐक. हितून आत आलेल्या मान्साला साथ जाईस्तोर भाईर सोडत न्हाईत. पाटलाचा हुकूम हाय. तुज्यासाटी मी तो मोडनार न्हाई."

"मोडू नका."

त्याने काठीने फांद्या बाजूला रेटल्या. मी आत गेले. लुगड्याचा काठ काट्यात अडकला. त्याने वाकून तो सोडवला. मग फांद्या धुळीतून खरखरत पुन्हा वाटेवर ओढल्या, पायाने दाबल्या आणि माझ्या पुढे होऊन वस्तीकडे चालू लागला. गावात कोणीतरी जाळावर हलगी तापवत होते.